श्वासाशी ओळख

नांदेडच्या विष्णुपुरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, मोठं शासकीय रुग्णालयही आहे. त्यामुळं निकालाची आणि रिपोर्टची वाट पाहणारी माणसं इथं रोज असतात. देह बाकावर, मन उद्याच्या भीतीत. ही फाटाफूट सांधायला मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो श्वास. सत्यनारायण गोएंकांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आणलेल्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त आनापान असतं: नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा, लांबवायचा नाही, मोजायचा नाही. मन पळतंच. पळालं हे कळणं, न चिडता परत येणं, एवढाच खरा सराव. विचार थांबले तरच ध्यान जमलं, हा समज अनेकांना पहिल्याच आठवड्यात हरवतो, याचं मला फार वाईट वाटतं. भीती गेली नाही तरी चालेल. ‘आता छातीत धडधडतंय’ हे तिच्यासकट पाहता आलं, की तुटलेपण ओसरतं. आपल्या मुलखाला हे परकं नाही. शेजारच्या हिंगोलीतल्या नरसीचे नामदेव शिंपीकाम करणाऱ्या घरातले. हात कामात आणि चित्त नामात, ही त्यांची वाट. त्यांची पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात आजही आदरानं गायली जातात. मात्र झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी मानसोपचाराच्या ओपीडीत जावं, आणि लांब मौनाच्या शिबिराचा विचार डॉक्टरांना विचारूनच करावा.