पैशाला नाव विचारावे काय?

वाण्याच्या दुकानी दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एक रोख पैसे मोजून जिन्नस घेते; त्याचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही. दुसरे उधारीवर नेते. त्याच्या नावाचे पान वहीत असते. ही वही दुकानाच्या फळीवर मिटलेली असते, म्हणून तिचे कोणास भय वाटत नाही. पण तीच वही कोणी देवळाच्या प्रांगणात कायमची उघडी ठेवली, आणि तिच्यातील ओळ पुसण्याची सोय कोणासच ठेवली नाही, तर? आभासी चलनाचा विचार करताना आम्हांस हा प्रश्न प्रथम सुचतो.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘सातोशी नाकामोतो’ हे नाव धारण करणाऱ्या कोणा अज्ञात व्यक्तीने वा व्यक्तिसमूहाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २००९ मध्ये ते चलन सुरू झाले. त्याच्या मूळ रचनेत खातेदार नाही, अर्ज नाही, ओळखपत्र नाही. ज्याच्याजवळ गुप्त किल्ली, तो धनाचा स्वामी; त्या किल्लीवरून निघालेली अक्षरांची व अंकांची मालिका हाच त्याचा पत्ता. मात्र प्रत्येक व्यवहाराची नोंद ज्या खातेवहीत होते, ती सर्व जगास खुली आहे. हा पैसा अदृश्य आहे असे अनेकांस वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पैसा सर्वांस दिसतो, दिसत नाही ते केवळ माणसाचे नाव. म्हणूनच व्यवहारागणिक नवी किल्ली वापरावी, अशी सूचना मूळ आराखड्यातच केलेली आहे.

पुढे आलेल्या काही चलनांनी ही वाट सोडली. २०१६ साली सुरू झालेल्या स्टीममध्ये व २०१८ साली सुरू झालेल्या इओसमध्ये प्रत्येकास नावाचे खाते घ्यावे लागले. हे नाव खरेच असावे असा नियम नव्हता. परंतु इओसमध्ये नवे खाते उघडून देण्यास आधीचा खातेदार लागे, म्हणजे निदान एकास तरी आपली ओळख लागण्याचा संभव उरे. ह्या पद्धतीत सोय आहे हे आम्ही नाकारीत नाही. तीस-चाळीस निरर्थक अक्षरांपेक्षा नाव ध्यानात राहते व चूकही कमी होते. परंतु सारे व्यवहार एकाच नावाखाली गोळा झाले म्हणजे नव्या किल्लीचा उपायच खुंटतो. त्या नावामागील माणूस एकदा ओळखला गेला की, त्याने कोणास, केव्हा आणि किती दिले, हे मागचे-पुढचे सर्व उघडे पडते.

‘ज्याचे मन स्वच्छ, त्याने नाव का लपवावे?’ असे कोणी विचारील. आम्ही त्यास उलट विचारू : आपण पत्र पाकिटात घालतो, ते काय त्यात पाप असते म्हणून? डॉक्टरास दिलेली फी, गरीब नातलगास केलेले साहाय्य, एखाद्या पक्षास दिलेली वर्गणी, ह्या गोष्टी लाजेच्या नव्हेत. तथापि त्या चव्हाट्यावर मांडण्याच्याही नव्हेत. शिवाय धनाचा आकडा आणि घराचा पत्ता एकत्र सापडणे ही चोरास मेजवानीच होय. मे २०२५ मध्ये कॉइनबेस ह्या अमेरिकन विनिमय-संस्थेने जाहीर केले की, ग्राहक-साहाय्याचे काम करणाऱ्या काही परदेशस्थ माणसांना लाच देऊन तिच्या ग्राहकांची माहिती पळविण्यात आली. ६९,४६१ ग्राहकांस त्याची झळ लागली. नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक, ओळखपत्रांच्या प्रतिमा असा तो ऐवज होता. येथे तिजोरी कोणी फोडली नाही, राखणदारच फितूर झाले.

गुन्हेगारांस मोकळे रान द्यावे असे आमचे म्हणणे नव्हे. आपल्या देशात ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अशा विनिमय-संस्थांस मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले असून, ग्राहकाची ओळख पटवून घेणे त्यांस भाग आहे. रुपये देऊन हे चलन जेथे घेतले जाते, त्या वेशीवर ओळख विचारणे रास्तच आहे. मात्र ती माहिती गरजेपुरतीच घ्यावी व जिवापाड जपावी. आमचा आक्षेप आहे तो वेशीवरची नोंद गावच्या चावडीवर टांगण्यास. चलनाच्या मूळ नियमांतच नाव सक्तीचे केले म्हणजे तेच घडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. माहिती मागणाऱ्याने आधी तिची गरज पटवून द्यावी, हा बोध त्या निर्णयातून आम्ही घेतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ह्या चलनास अद्याप हात लावलेला नसेल, आणि लावावा असा आमचा उपदेशही नाही. तथापि ‘आधी खाते उघडा’ असे त्यांस आयुष्यात पदोपदी सांगितले जाईल. तेव्हा त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ही वही कोण वाचणार? ती किती काळ राहणार? आणि आपल्या नावावाचून हे काम खरोखरच अडते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर नाव आपल्यापाशीच ठेवावे.