कच्चा माल आणि पक्के स्वातंत्र्य

शाळेत भूगोल शिकविताना मी वर्गाला एक प्रश्न नेहमी विचारीत असे : “चॉकलेट कोठून येते?” कोणी म्हणे, “दुकानातून.” एखादा चुणचुणीत मुलगा उठून सांगे, “स्वित्झर्लंडहून.” वर्ग त्याच्याकडे कौतुकाने पाही. परंतु ज्या कोकोपासून चॉकलेट होते, त्याचे झाड स्वित्झर्लंडच्या थंडीत जगूच शकत नाही. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन शेजारी देशांत पिकतो.

तेथील शेतकरी कोकोची फळे कोयत्याने फोडतो, आतील बिया केळीच्या पानांखाली काही दिवस आंबवितो, उन्हात वाळवितो आणि पोती भरून विकतो. त्यांपैकी बहुतेक बिया जहाजाने परदेशी जातात आणि त्यांची भुकटी, लोणी व वड्या यांतील बराच भाग तिकडेच तयार होतो. माल ज्याच्या शेतात पिकला, त्याच्या पदरी वडीच्या किमतीचा अगदी अल्प अंश पडतो. आफ्रिकेच्या दारिद्र्याचे एक मोठे कारण या साध्या व्यवहारात दडलेले आहे.

हा व्यवहार निसर्गाने ठरविला नव्हता. १८८४-८५ साली बर्लिन येथे युरोपीय सत्तांची परिषद भरली. तिच्या आगेमागे त्यांनी जवळजवळ सर्व आफ्रिका खंड आपसांत वाटून घेतला. त्यांनी बांधलेले लोहमार्ग बहुधा खाणीपासून वा मळ्यापासून निघत आणि थेट बंदरापाशी थांबत. एका देशातून शेजारच्या देशात जाण्याची सोय क्वचितच असे. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाऊन कापडाच्या रूपाने परत येई, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांनीही अनुभवलेली आहे.

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. त्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांना हा व्यवहार पालटावयाचा होता. त्यांच्या आग्रहातून व्होल्टा नदीवर अकोसोंबो येथे प्रचंड धरण उभे राहिले. त्यासाठी सुमारे ८०,००० लोकांना घरदार सोडावे लागले. धरणाची वीज टेमा येथील अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यास मिळाली. परंतु ज्या खनिजापासून अ‍ॅल्युमिनियम होते, ते बॉक्साइट घानाच्या भूमीत असूनही कारखान्यास लागणारा माल समुद्रापलीकडून येत राहिला! वीज घानाची, माल परका व मालकीही परकी.

मग सारा दोष परकीयांचाच म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. कोकोच्या व्यापारावर सरकारी मंडळाचा ताबा होता. जागतिक बाजारातील भाव आणि शेतकऱ्याला दिलेला भाव यांतील अंतर सरकारच्या तिजोरीत जाई व मोठमोठ्या योजनांवर खर्च होई. पुढे जागतिक भाव कोसळला, कर्ज वाढले आणि १९६६ साली लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले. शेतकऱ्याचा उत्साह मारून उभारलेली योजना पाया खणून काढलेल्या भिंतीसारखी असते.

याउलट बोट्स्वानाचे उदाहरण पाहा. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा हा देश अत्यंत दरिद्री होता. पुढच्याच वर्षी तेथे हिऱ्यांची मोठी खाण सापडली. सेरेत्से खामा यांच्या सरकारने खनिजांवर राष्ट्राचा हक्क सांगितला, खाण कंपनीतील आपला वाटा निम्म्यावर नेला आणि आलेला पैसा शाळा, रस्ते व दवाखाने यांवर खर्च केला. आफ्रिकेत सुराज्य नांदू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. तरीही हिऱ्यांची मागणी घटताच अलीकडे त्या देशालाही ओढग्रस्त सोसावी लागली. एकाच खांबावर घर फार काळ उभे राहत नाही.

२०२४ साली कोकोचा भाव पूर्वी कधी नव्हता इतका चढला. पण रोग आणि लहरी पाऊस यांनी त्याच सुमारास पीक बुडाले होते, आणि बराचसा माल आधीच ठरलेल्या कमी भावाने विकला गेला होता. भाव पडला तर शेतकरी बुडतो. चढला तरी तो तरतोच असे नाही.

यातून मार्ग कोणता? माझ्या मते तीन गोष्टी अवश्य आहेत. कच्च्या मालाचा पक्का माल शक्यतो आपल्याच भूमीत झाला पाहिजे. त्याचा नफा शेतकऱ्याच्या व कामगाराच्या घरापर्यंत पोहोचला पाहिजे. आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचा माल घेतला पाहिजे. आफ्रिकी देशांच्या एकूण व्यापारापैकी सुमारे १५ टक्केच व्यापार त्यांच्या आपसांत होतो. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१८ साली किगाली येथे खंडव्यापी मुक्त व्यापाराचा करार झाला आणि २०२१ पासून तो अमलात येऊ लागला. करारावर सही करणे सोपे. सीमेवरचा अडसर काढणे आणि दोन देशांना जोडणारा रस्ता बांधणे हे खरे काम.

ध्वज एका मध्यरात्री बदलता येतो. बाजाराची वाट बदलण्यास पिढ्या लागतात. म्हणून आफ्रिकेकडे दयेने पाहू नये, उपहासाने तर नाहीच. विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी चॉकलेटची वडी हाती घ्याल, तेव्हा तिच्यामागचा तो कोयता आणि उन्हात वाळणाऱ्या त्या बिया क्षणभर आठवा. ज्याने पिकविले त्यालाही ती गोड लागेल, तेव्हाच त्याचे स्वातंत्र्य पक्के झाले असे म्हणता येईल.