धरणाच्या वरच्या अंगाला

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या अनेक गावांचा तीन वर्षांचा पाऊस एकत्र केला तरी तो जेमतेम इतका भरतो. तरीही होळी सरली की इथल्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळ्यांच्या पाड्यांवर पाण्याची ओढ सुरू होते. बायका-मुली पहाटे हंडे-कळश्या घेऊन दरीत उतरतात. तळ गाठलेल्या विहिरीत किंवा ओहोळाच्या पात्रात उकरलेल्या झिऱ्यापाशी बसून वाटीवाटीने पाणी भरतात आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन तोच चढ पुन्हा चढतात. सरकारी कागदांत याला टंचाई म्हणतात. पण एवढा पाऊस होणाऱ्या मुलखात टंचाई येते कुठून, याचे उत्तर त्या शब्दात मिळत नाही.

उत्तराचा पहिला भाग जमिनीत आहे. हा सारा प्रदेश काळ्या बसाल्ट खडकाचा. डोंगराचा उतार तीव्र आणि माती वीतभर, त्यामुळे आषाढ-श्रावणातले बहुतेक पाणी काही तासांत ओढ्यांना मिळते आणि ओढ्यांतून नदीला. जे थोडे मुरते ते मुरमाच्या पातळ थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. सच्छिद्र खडकाखाली अखंड कठीण थर लागला की साठलेले पाणी डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येते. दिवाळीत हे झरे खळाळत असतात, माघात त्यांची धार बारीक होते आणि चैत्रात उरते ती नुसती ओल. पाडे बहुधा पठारावर किंवा डोंगराच्या खांद्यावर वसलेले, आणि पाणी खाली.

उत्तराचा दुसरा भाग माणसांनी घडवलेला आहे. याच तालुक्यांच्या आणि लगतच्या दऱ्यांमध्ये मुंबईचे पाणी अडवलेले आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. १९५० च्या दशकात मोडक सागर झाले, १९७० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात अप्पर वैतरणा, त्यानंतर भातसा आणि २०१४ मध्ये शहापूर-मोखाड्याच्या परिसरात शंभर मीटरहून उंच असे मध्य वैतरणा. मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मिळते आणि त्याचा फार मोठा वाटा या धरणांतून जातो. तानसा आणि वैतरणेचे पाणी मुख्यतः उताराच्या बळावर भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचते. दरीतले पाणी शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर कापून शहरात जाऊ शकते, पण डोक्यावरच्या पाड्यात चढू शकत नाही, कारण चढासाठी पंप लागतो, पंपाला वीज लागते आणि विजेचे बिल भरायला ग्रामपंचायतीकडे पैसा लागतो. पाणलोट, जंगल आणि बुडालेली शेते ज्यांची होती, त्यांचे पाडे या जलवाहिन्यांच्या आराखड्यात धरलेच गेले नाहीत. इथल्या तहानेचा हा भाग त्या आराखड्यांतून आलेला आहे. इगतपुरी तालुक्यातले भावली धरण घाटमाथ्यावर असल्याने तिथून शहापूरच्या गावपाड्यांपर्यंत विजेविना पाणी उतरवता येते आणि तशी योजनाही हाती घेतलेली आहे. उंची आधी पाहून उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, निवडण्याची ही रीत शंभर वर्षांपूर्वीही माहीत होती. ती शहरासाठी वापरली गेली.

मापेही वेगवेगळी आहेत. शहरी नळयोजना माणशी दररोज १३५ लिटर धरून आखतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ५५ लिटर धरले. टँकरचा हिशेब माणशी २० लिटरांचा. टँकर येतो तेव्हा बहुधा तो विहिरीतच पाणी ओततो. वीस-पंचवीस मिनिटांत विहिरीभोवती झुंबड उडते, कोरड्या विहिरीच्या तळाचा गाळ ढवळतो आणि घरात येते ते गढूळ पाणी. जिथे रस्ताच नाही तिथे टँकरही नाही.

पाणी कमी पडले की ते घाणही होते. या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या जातात, पण पाड्यावर त्या एकच असतात. उघड्या झिऱ्यावर माणसे आणि गुरे दोन्ही येतात. पहिल्या पावसात डोंगरावरची सारी घाण वाहत येऊन कठडा नसलेल्या विहिरीत पडते, म्हणून अतिसाराची साथ ऐन उन्हाळ्यापेक्षा जून-जुलैत जास्त भडकते. उपाय साधा आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि ओटी चाचणीने पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहतो. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे. पण टीसीएलचे पोते ओलसर खोलीत महिनोन्महिने पडून राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो, आणि दहा पाड्यांच्या ग्रामपंचायतीत एकटा जलसुरक्षक रोज प्रत्येक झिऱ्यावर पोहोचू शकत नाही.

२०२२ च्या जुलैमध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत जे घडले त्यातून ही साखळी स्पष्ट दिसते. थकलेल्या वीजबिलामुळे नळयोजना बंद पडली होती, लोक उघड्या विहिरीचे पाणी प्यायले, शेकडो आजारी पडले आणि काहींचा जीव गेला. नळ होते, टाकी होती, पाणीही होते. तुटला तो फक्त विजेचा दुवा.

अतिसाराने मूल लगेच दगावले नाही तरी ते खंगते. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या आतड्याला अन्न शोषता येत नाही, कमी अन्नाने प्रतिकारशक्ती घटते आणि पुढचा जुलाब आणखी लवकर गाठतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला तेव्हा चर्चा भुकेची झाली. ती योग्यच होती. पण पोषण आहाराचा प्रत्येक घास घाण पाण्याच्या घोटाबरोबर पोटात जात असेल, तर तो घास अंगी लागत नाही, हे त्या चर्चेत मागे पडले आणि अजूनही पडते.

विदर्भाच्या दुसऱ्या भागांत प्रश्नाचे रूप बदलते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत, जिथे कोलाम आणि गोंडांचे पोड आहेत, तिथल्या काही भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा उद्भव नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे ताठरतात. साथीचे रोग टाळण्यासाठी खोदलेल्या खोल बोअरमधूनच हे पाणी वर येते. चवीला ते चांगले लागते, त्यामुळे संशयही येत नाही.

या प्रश्नांवर विजय मिळू शकतो याचा एक पक्का दाखला आहे, तो नारूचा. पायऱ्यांच्या विहिरीतल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलचरावाटे शरीरात जाणारा हा जंत वर्षभराने पायातून हातभर लांब होऊन बाहेर पडे. त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळायला शिकवले आणि प्रत्येक रुग्णाचा घरोघरी शोध घेतला. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. गावोगाव जाऊन पाण्याची जागा आणि पाणी पिण्याची रीत सुधारली, रुग्ण शोधले, एवढेच केले होते.

पाण्याचा प्रश्न घराच्या प्रश्नाला जोडलेला आहे. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेले घर उन्हाळ्यात थंड राहते, पण ते ज्या जागेवर उभे आहे ती जागा अनेकदा राहणाऱ्याची नसते. अनेक कातकरीवाड्या खासगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर आहेत. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून घरकुल अडते आणि पक्के घर नाही म्हणून नळजोडणी, शौचालय पुढे ढकलले जाते. वनजमिनीची अडचण कायद्याने सोडवलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेची शिफारस असेल, तर पिण्याच्या पाण्याची योजना आणि जलवाहिनी यांसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ झाडांच्या मर्यादेत, वळवता येते. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन स्थानिक पंचायतींकडे दिले आहे, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के हिस्सा महाराष्ट्रात थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. झऱ्याभोवती बंदिस्त कुंडी बांधणे, वरच्या अंगाला चर खणून पाणी मुरवणे, सौरपंपाने ते पाड्यावरच्या टाकीत चढवणे ही सारी कामे या निधीच्या आवाक्यातली आहेत. सौरपंपाला बिल नसते, आणि मेळघाटात जो दुवा तुटला तो इथे मुळातच नसतो.

जलजीवन मिशनच्या काळात देशातल्या नळ असलेल्या ग्रामीण घरांची संख्या १५ कोटींच्या वर गेली. हे काम मोठे आहे. मूळ मुदत २०२४ ची होती, ती पुढे २०२८ पर्यंत वाढवली गेली. डोंगराळ पाड्यांवर मात्र नळ आणि पाणी यांची गाठ उद्भवापाशी अडते. ज्या विहिरीला डिसेंबरात पाणी भरपूर दिसते, तिच्यावर योजना आखली तर ती मार्चमध्ये कोरडी पडते. उद्भवाची क्षमता मे महिन्यात मोजली पाहिजे, आणि त्या महिन्यात पाड्यावर असणाऱ्या माणसांना विचारून. नेमकी इथेच आणखी एक अडचण आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे बयाणा घेऊन भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कुंडी बांधण्याचा, चर खणण्याचा, ग्रामसभेत ठराव करण्याचा सगळा कोरडा हंगाम ती गावाबाहेर असतात. भट्टीवर पाणी मालक देईल ते आणि तेवढेच. त्या सहा-सात महिन्यांतले त्यांचे पाणी कोणत्याही ग्रामपंचायतीच्या हिशेबात धरले जात नाही.