‘सर्व्हर डाऊन’ या सबबीचा पंचनामा

खरीप पीकविम्याची मुदत सरत आली, की उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावी, जिल्ह्याचे ठाणे शंभराहून अधिक किलोमीटर दूर असल्यामुळे ज्याच्या लेखी सरकारदरबार म्हणजे सेवा केंद्रातला एक संगणकच होय, अशा शेतकऱ्याला सातबारा, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र आणि बँकेचे पासबुक घेऊन तासन्‌तास तिष्ठत बसावे लागते. आणि अखेर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढेच उत्तर पदरात घेऊन, ऐन डवरणीचा दिवस गमावून, घरी परतावे लागते. हे संकट अस्मानी आहे अशी आपण मनाची समजूत घातली आहे. वस्तुतः ते निखालस सुलतानी आहे, आणि म्हणूनच त्याची चौकशी होऊ शकते.

२०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा देऊ केला, दीड कोटीहून अधिक अर्ज दाखल झाले, आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्यापूर्वी १६ जुलै २०२१ रोजी दहावीच्या निकालाची संकेतस्थळे दुपारी एक वाजल्यापासून कित्येक तास उघडली नव्हती. दोन्ही प्रसंगी गर्दीचा दिवस आधीच ठरलेला होता आणि येणाऱ्यांच्या संख्येचा अदमास दप्तरी होता.

मग यंत्रणा कोलमडते ती कशाने? सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्के गुंतला, याचा अर्थ यंत्र अपुरे पडले असाच होतो असे नाही. जाणता व्यवस्थापक प्रथम कोणती प्रक्रिया प्रोसेसर खात आहे ते पाहतो. लिनक्स प्रणालीत ‘टॉप’ ही आज्ञा तो तपशील क्षणार्धात समोर मांडते. तिथेच गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांच्या भाराची सरासरी दिसते. हा आकडा प्रोसेसरच्या गाभ्यांच्या संख्येशी ताडूनच वाचावा लागतो, कारण आठाचा भार आठ गाभ्यांना झेपतो, पण दोन गाभ्यांपुढे त्याचीच रांग लागते. शिवाय त्या आकड्यात डिस्कची वाट पाहत खोळंबलेली कामेही मोजली जात असल्यामुळे, कित्येकदा प्रोसेसर मोकळाच असतो आणि खरा अडसर साठवणीपाशी असतो.

पुष्कळदा दोष डेटाबेसमध्ये सापडतो. योग्य ती अनुक्रमणिका बांधलेली नसेल, तर एका खातेदाराच्या नोंदीसाठी यंत्राला संपूर्ण तक्ता चाळावा लागतो. कोतवालाने एका फेरफारासाठी अवघ्या तालुक्याचे दप्तर पानापानाने उलगडावे, तसाच हा प्रकार. उत्तर येत नाही म्हणून उतावीळ झालेला मनुष्य तेच बटण पुन्हा दाबतो, आणि आधीच वाकलेल्या यंत्रावर नवे ओझे चढते. अशा वेळी कारण न शोधता सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास तात्पुरता उतार पडतो खरा, पण त्या क्षणी काय चालले होते याचा पुष्कळसा पुरावाही त्यासरशी पुसला जातो. आणि डेटाबेसला घातलेल्या सदोष प्रश्नासाठी (क्वेरीसाठी) नवे प्रोसेसर खरेदी करणे म्हणजे जनतेच्या पैशाने त्या दोषालाच पोसणे होय.

निकालाची गोष्ट तर याहून सोपी आहे. जाहीर झालेला निकाल घटकाघटकाला बदलत नाही. तो आधीच तयार पानांच्या रूपाने अनेक ठिकाणी साठवून ठेवला, तर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी डेटाबेसला साकडे घालण्याचे कारणच उरत नाही.

याउपर एक आक्षेप घेतला जाईल, की वर्षातून चार दिवसांच्या गर्दीसाठी बारमाही मोठी यंत्रणा पोसणे परवडणारे नाही. तो रास्त आहे. परंतु भाड्याने घेतलेली संगणनशक्ती गरजेपुरती वाढवून पुन्हा कमी करता येते, आणि भाराची रंगीत तालीम मुदतीपूर्वी घेता येते. अर्ज प्रथम नोंदवून पोच द्यावी आणि छाननी मागाहून सावकाश करावी, ही रीत तर टपालखान्यापासून चालत आलेली आहे.

तेव्हा शासनाने नियमच करावा: सार्वजनिक सेवेचे संकेतस्थळ जितके तास बंद राहील, तितकी मुदत अर्ज-विनंत्यांविना आपोआप वाढावी, आणि बंद पडण्याचे कारण, जबाबदार कंत्राटदार आणि केलेली दुरुस्ती यांची कैफियत पंधरा दिवसांच्या आत मराठीत प्रसिद्ध व्हावी. शेतकऱ्याकडून एका कागदाच्या उणिवेचाही जाब घेणाऱ्या सरकारने आपल्या यंत्राचा जाब देण्यास कसूर करू नये.