'बीड पॅटर्न'ला नाव बीडचं, हिशेब मात्र दुसऱ्याचा

बीड : पीक विम्यातला 'बीड पॅटर्न' हा शब्द जिल्ह्यात पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही ठाऊक आहे. 2020 च्या खरिपाला जिल्ह्याचा विमा घ्यायला कंपन्या पुढं येईनात. शेवटी सरकारी भारतीय कृषी विमा कंपनी आली आणि तिच्यासाठी 80:110 चं सूत्र ठरलं. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा बोजा राज्याचा. भरपाई कमी निघाली तर कंपनीनं 20 टक्के ठेवून घ्यायचे, बाकीचे पैसे सरकारला परत. 2022 मध्ये हेच सूत्र राज्यभर लागू झालं.

आता नीट बघा, पैसे परत कुणाला? सरकारला. शेतकऱ्याला किती द्यायचे ते ठरवणारं गणित होतं तसंच राहिलं. तिजोरी वाचवणारी योजना म्हणून ती हुशारीचीच होती, पण नावात बीड असलं तरी ती शेतकऱ्याच्या बाजूनं मांडलेली नव्हती. असं कागद वाचून, आकडे लावून, कुणाच्या पदरात काय पडतंय ते सांगणाऱ्याला धोरण विश्लेषक म्हणतात. इंग्रजीत पॉलिसी ॲनालिस्ट. आपल्याकडं पॉलिसी म्हटलं की एलआयसीच आठवते, त्याला कोण काय करणार!

हे काम काय असतं ते विम्यावरूनच कळतं. उंबरठा उत्पादन काढताना मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 वर्षं घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिचे 70 टक्के धरतात. समजा एखाद्या महसूल मंडळात सोयाबीनची सरासरी हेक्टरी 15 क्विंटल आली, तर उंबरठा साडेदहा. पीक कापणी प्रयोगात 7 क्विंटल निघाले तर तूट एक तृतीयांश, आणि विमा रकमेच्या एक तृतीयांश भरपाई. इथवर सोपं आहे. पण ज्या भागात दर दोन-तीन वर्षांनी पाऊस दगा देतो, तिथं ती सरासरीच खाली येते. सरासरी पडली की उंबरठा पडतो आणि खरंच नुकसान झालं तरी कागदावर ते कमी दिसतं. आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला हे अनुभवानं माहीत आहे. मंत्रालयातल्या बैठकीत ते आकड्यानिशी मांडणारा माणूस लागतो.

2023 ला एक रुपयात विमा आला. पुढं बोगस अर्जांचा बोभाटा झाला, त्यात बीडचंच नाव पुढं राहिलं. 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि सोबत स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान हे निकषही गेले. राहिला फक्त पीक कापणी प्रयोग. त्याच वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, नदीकाठची शेतं खरवडून गेली, आणि 72 तासांत तक्रार करून विमा मागायची सोय उरलेली नव्हती. बोगसगिरी रोखायची होती हे खरं. पण निकष काढल्यावर खऱ्या नुकसानीचं काय होईल, याचा हिशेब बदल होण्याआधी जिल्ह्यातून कुणी मांडला? आंदोलनं झाली, निवेदनं गेली. तालुकावार आकड्यांचा कागद नव्हता.

मंडळ धरून विमा ही कल्पनाही एका मराठी अभ्यासकाचीच. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1970 च्या दशकात ती मांडली, 1985 च्या केंद्राच्या योजनेत ती उतरली. मराठवाड्याचा अनुशेष मोजणाऱ्या 1984 च्या समितीचे अध्यक्षही तेच. अनुशेष शब्द आज प्रत्येक भाषणात असतो, तो आधी कुणीतरी बसून मोजलेला आहे.

आज बीड, केज, अंबाजोगाईतल्या अभ्यासिकांत बी.ए., बी.एस्सी. झालेली पोरं एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती एवढंच धरून बसलीत. दुसरी वाट त्यांना कुणी सांगितलेलीच नाही. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप 2015 ला सुरू झाली, मध्यंतरी बंद पडून 2023 ला पुन्हा आली. जागा 60, मुदत 12 महिने. 2025-26 साठी प्रवासखर्चासह महिना 61,500 रुपये आणि आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. दिल्लीत पीआरएस ही संस्था खासदारांसोबत वर्षभर काम करायला पदवीधर निवडते. शिकायचंच असेल तर पुण्याची गोखले संस्था आहे, आणि शेजारच्या तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. तिथं जायला बीडहून मुंबई गाठावी लागत नाही.

अडचणी आहेतच. फेलोशिपला पदवीला 60 टक्के लागतात, एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो, इंग्रजी आणि संगणक यायला लागतो. वय 21 ते 26. इथं खरी मेख आहे. आपलं पोरगं पदवी झाल्यावर चार-पाच वर्षं भरतीच्या मागं घालवतं, आणि त्याला ही जाहिरात दिसेपर्यंत सत्ताविसावं लागलेलं असतं. अनुभव म्हणावा तर रानातला चिक्कार, पण तो प्रमाणपत्रावर चढत नाही. शिवाय ही कायम नोकरी नाही. वर्ष संपलं की फेलोशिप संपली, पुढं संस्था नाहीतर सल्लागार कंपन्या. ज्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे आणि आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, त्या घराला ही जोखीम परवडेलच असं नाही.

तरी पहिला धडा गावातच गिरवता येतो. पीक कापणी प्रयोग बंद खोलीत होत नाही, गावातल्या शेतात होतो. कोणत्या गटात झाला, वजन किती भरलं, पंचनाम्यावर सह्या कुणाच्या, हे कृषी आणि महसूल विभागाच्या कागदावर असतं आणि माहिती अधिकारात मागता येतं. एका मंडळाचे 7 वर्षांचे आकडे वहीत उतरवायला पदवीधराला आठवडा पुरतो.