बैठकीतली जागा

मेंदूत गाठ निघाली, की आपल्या ग्वाल्हेरीतील जुनी घरे त्या माणसाचा तानपुरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा करतात. ही दया नव्हे, अन्याय होय. सगळ्याच गाठी सारख्या नसतात. काही इतक्या संथ वाढतात, की डॉक्टर वेळोवेळी एमआरआय काढून नुसती नजर ठेवतात. २०१६ साली अमेरिकेत रॉचेस्टर येथे एका संगीतशिक्षकाची गाठ त्याला जागे ठेवून काढली. त्याने तेथेच सॅक्सोफोन वाजविला आणि काही महिन्यांत तो पुन्हा शिकवू लागला. माझा एक शिष्य नऊ वर्षे गाठीसह गातो आहे. आकडीवरच्या गोळ्यांनी द्रुतात तो दमतो. विलंबित मात्र शाबूत आहे. लग्नाच्या बैठकीतून त्याचे नाव परस्पर गाळणाऱ्यांना एवढेच सांगणे : गावे की न गावे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.