परदेशी रुग्णाची झोप आणि आपला गोंगाट

पुणे शहराला परदेशी माणसाचे नावीन्य राहिलेले नाही. १९७५ साली सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत शिकण्यासाठी जगभरातून साधक येत आले आहेत. चाकण, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यांत जर्मन, कोरियन, जपानी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांचे अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी येथे बिऱ्हाड करू लागले. आयुर्वेद शिकण्यास किंवा पंचकर्म करून घेण्यास येणारे आणखी निराळे. यांपैकी कोणी आपल्या चिकित्सालयात आले की आपण अग्नी, कोष्ठ, मलप्रवृत्ती यांची बारकाईने विचारपूस करतो, पाणी उकळून प्यावे, अन्न ताजे व गरम घ्यावे असे बजावतो. मात्र रुग्णाने झोप लागत नसल्याचे सांगितले की आपले उत्तर बहुधा ठरलेले असते : “देश नवा आहे, होईल हळूहळू सवय.” सोबत रात्री घेण्यासाठी अश्वगंधेचा किंवा ब्राह्मीचा एखादा कल्प दिला जातो. त्याच्या खिडकीखाली रात्री काय चालते, हे आपण विचारीत नाही. ‘सवय होईल’ हा सल्ला शास्त्राला धरून नाही, असे माझे मत आहे. त्याची कारणे वैद्यबंधु-भगिनींसमोर मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम रुग्णाचा देश पाहू, कारण देशपरीक्षा ही आपल्या परीक्षेचा भागच आहे. उदाहरणादाखल जर्मनी घेऊ. तेथे रात्री १० ते सकाळी ६ हा काळ विश्रांतीचा मानला जातो आणि रविवारीही शांतता पाळली जाते. २००२ च्या नियमांनुसार निवासी भागात रविवारी व सुटीच्या दिवशी गवत कापण्याचे यंत्र चालविता येत नाही. गावात वाहनाचा हॉर्न वाजवायचा तो केवळ धोक्याची सूचना देण्यासाठी. अशा ठिकाणी तीस-चाळीस वर्षे राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने हॉर्न म्हणजे अपघात अथवा कोणाचा तरी संताप. हाच माणूस कर्वे रस्त्यावरच्या किंवा नगर रस्त्यावरच्या सदनिकेत येऊन राहतो. तेथे हॉर्नचा अर्थ ‘मी येत आहे’ एवढाच असतो आणि तो दर अर्ध्या मिनिटाला सांगितला जातो. मालमोटारींच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द हॉर्नला उत्तेजन देतात, म्हणून महाराष्ट्र शासनाला २०१५ साली ते लिहिण्यास मनाई करावी लागली. त्यावरून आपल्या सवयीचे मूळ किती खोल आहे, याची कल्पना यावी.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली लागू झाले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो व तेथील मर्यादा अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल अशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत अपवादात्मक प्रसंग वगळता हॉर्न वाजवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली शयनगृहातील आवाज सुमारे ३० डेसिबलच्या आत असावा, असे सुचविले होते. हे आकडे आणि आपली प्रत्यक्ष रात्र यांतील अंतर मोजण्यास यंत्र लागत नाही.

आता शास्त्राकडे वळू. रोगाच्या तीन आयतनांत असात्म्येन्द्रियार्थसंयोगाचा समावेश आहे आणि चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रत्येक इंद्रियाचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग वेगळा सांगितला आहे. श्रोत्रेंद्रियाच्या बाबतीत मेघगर्जना, नगारा, आरडाओरडा यांसारखे आवाज अति प्रमाणात ऐकणे हा अतियोग होय. मुळीच काही न ऐकणे हा अयोग. कठोर, भीतिदायक, अपमानकारक किंवा प्रियजनांच्या नाशाची वार्ता देणारे शब्द ऐकणे हा मिथ्यायोग. पदवीच्या पहिल्या वर्षांत आपण हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि व्यवसायात दीप, धूम, धूळ, आहार यांच्याकडे लक्ष देताना शब्दाकडे मात्र कानाडोळा करतो. वास्तविक वायू हा श्रोत्र आणि स्पर्शन यांचे मूळ आहे. प्रवासाने, जागरणाने व देशांतराने ज्याचा वात आधीच क्षुब्ध झाला आहे, त्याला शब्दाचा आघात अधिक जाणवणार हे ओघानेच आले.

परदेशी रुग्णाच्या संदर्भात या तीन भेदांचा उपयोग फार मोठा आहे, कारण तिन्हींची चिकित्सा एक नाही.

त्याला होणाऱ्या त्रासाचा काही भाग मिथ्यायोगाचा असतो. हॉर्न त्याला धमकी वाटतो, पहाटे ओरडत जाणारा भाजीवाला भांडतो आहे असे वाटते, शेजारच्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी कसला तरी इशारा वाटते. येथे औषध आहे ते ज्ञान. कोणता आवाज कशाचा, तो किती वाजता येतो, किती वेळ टिकतो, हे त्याला समजावून द्यावे. भंगारवाल्याची हाक, मागे येणाऱ्या मोटारीची धून, आरतीची घंटा यांना नाव मिळाले की त्यांतील भय जाते. ढोल-ताशाचा सराव गणेशोत्सवापूर्वी काही आठवडे चालतो व नंतर थांबतो, एवढे कळले तरी मनाला हद्द दिसते. शेजाऱ्यांशी ओळख, चार मराठी शब्द, एखाद्या मिरवणुकीत थोडा वेळ स्वतः चालणे, हे सारे सत्त्वावजयाचेच प्रकार मानावेत.

अतियोगाचे तसे नाही. तावदाने थरथरविणारा ध्वनिवर्धक कोणत्या मंगल प्रसंगाचा आहे हे कळल्याने त्याचे डेसिबल कमी होत नाहीत. तेथे निदानपरिवर्जन हीच चिकित्सा. घर भाड्याने घेण्यापूर्वी ते सकाळी, सायंकाळी आणि रात्री ११ वाजता असे तीन वेळा पाहावे, असे आपण रुग्णाला सांगितले पाहिजे. मंडळाचा मांडव कोठे पडतो, मंगल कार्यालय किंवा लॉन किती दूर आहे, शेजारी बांधकामासाठी मोकळा भूखंड आहे काय, हे प्रश्न घरमालकाला नव्हे, तर कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावेत. निजण्याची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूस असावी. सरकत्या खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीने बंद कराव्यात, जाड पडदे लावावेत, कानात घालण्याचे मऊ बोळे जवळ ठेवावेत. मर्यादा ओलांडली जात असेल, तर ११२ या क्रमांकावर पोलिसांकडे तक्रार करता येते, हेही परक्या माणसाला कोणी तरी सांगावे लागते. शिरोभ्यंग, पादाभ्यंग, रात्री दूध हे उपाय उत्तमच आहेत. कर्णपूरणही कर्णपटल अखंड असल्याची खात्री करून अवश्य करावे. परंतु तेलाने गोंगाट थांबतो अशी रुग्णाची समजूत करून देऊ नये.

आणखी एक व्यवहाराचा मुद्दा. जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार व उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. नुकत्याच आलेल्या माणसाला रात्री ११ वाजता झोप येत नाही, तेव्हा त्याचे शरीर अजून सायंकाळ मानीत असते. पहिल्या आठवड्यातील जागरणाचे खापर सर्वस्वी आवाजावर फोडू नये. त्यानंतर मात्र त्याला लवकर निजण्याची व ब्राह्ममुहूर्ती उठण्याची गोडी लावावी. पहाटेचा तो काळ आपल्या शहरातही अजून बराचसा शांत असतो, आणि उजाडताना वेताळ टेकडीवर किंवा पर्वतीवर गेल्यास आपल्याच गावात दुसरे गाव असल्याचा प्रत्यय येतो.

तिसरा भेद अयोगाचा. गोंगाटाला कंटाळलेला माणूस संपूर्ण निःशब्दतेच्या मागे लागतो, दारे-खिडक्या लावून, दिवसरात्र कान बंद करून बसतो. शास्त्राला हेही मान्य नाही. निद्रा आणणाऱ्या उपायांत आचार्यांनी अभ्यंग, स्नान, दूध, सुखशय्या यांच्याबरोबरच मनाला अनुकूल असे शब्द सांगितले आहेत. शब्दाचा अभाव सांगितलेला नाही. आपल्याकडून जर्मनीत नोकरीसाठी गेलेल्या कित्येक तरुणांना तेथील रविवार खायला उठतो, शांततेमुळेच झोप लागत नाही, ही तक्रार याच सूत्रात बसते. इगतपुरीच्या धम्मगिरी येथे १९७६ पासून दहा दिवसांची मौनयुक्त विपश्यना शिबिरे होत आली आहेत व त्यांचे मोल मोठे आहे. पण निद्रानाशाने बेजार झालेल्या नवागताला आपण झोपेचे औषध म्हणून तेथे धाडू नये. मौनातून उठून तो पुन्हा त्याच खोलीत परतला, तर अयोगातून अतियोगात उडी घेतल्यासारखे होते. आधी खोली सुधारावी, मग साधनेकडे जावे. शांती म्हणजे समयोग, हे त्याला समजले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की, आपण सारे याच गोंगाटात जन्मलो, वाढलो, झोपतो. मग ओकसात्म्य म्हणून काही आहे की नाही? आहे, आणि या आक्षेपाला उत्तर चरकसंहितेतच आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात क्षार व लवण यांच्या अतिसेवनाचा विचार करताना आचार्य काही देशांतील लोकांची उदाहरणे देतात. बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू, सौवीर येथील लोक दुधाबरोबरही मीठ खातात, असे ते नोंदवितात. ते त्यांना सात्म्य झाले आहे, म्हणून निर्दोष आहे, असे आचार्य म्हणत नाहीत. उलट त्यांच्यात दिसणारे मांसशोणिताचे शैथिल्य, क्लेश सहन करण्याची असमर्थता, केस गळणे-पिकणे हे परिणाम ते सांगतात आणि अशा सात्म्यापासून क्रमाक्रमाने दूर होणे श्रेयस्कर ठरवितात. सवयीने अपाय झाकला जातो, नाहीसा होत नाही. आधुनिक संशोधनही वेगळे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत रात्री घराबाहेरचा आवाज ४० डेसिबलपर्यंतच असावा, असे म्हटले आहे. झोपेतून जाग येण्याचे प्रमाण सवयीने कमी झाले, तरी निजलेल्या माणसाच्या हृदयाची आवाजाला मिळणारी प्रतिक्रिया पूर्णपणे थांबत नाही, हे आता मान्य झाले आहे.

हा विचार शेवटपर्यंत नेला, तर चित्र उलटे होते. नवागत परदेशी माणसाला शांतता सात्म्य आहे आणि ती हितकरही आहे. हितकर सात्म्य मोडून त्याला अहितकराची सवय लावणे ही कोणती चिकित्सा? अहितकर सवय पावापावाने सोडून हितकर सवय पावापावाने अंगी लावण्याचा पादांशिक क्रम शास्त्राने सांगितला आहे तो आपल्यासारख्यांसाठी. दुधातही मीठ घालून पिणारे लोक आपण आहोत. परदेशी पाहुण्याला अजून चव कळते, एवढाच फरक.

म्हणून सुरुवात आपल्या चिकित्सालयापासून व्हावी. संशोधन चिकित्सेसाठी वास्तू कशी असावी हे सांगताना चरकाचार्यांनी ती वारा, धूर, ऊन, धूळ यांपासून सुरक्षित आणि अनिष्ट शब्दांना प्रवेश नसलेली असावी, असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी परिचारकांबरोबर गायन-वादनात व कथाकथनात कुशल माणसेही नेमली आहेत. आपल्यापैकी किती जणांची पंचकर्म केंद्रे या कसोटीला उतरतात? शिरोधारा चालू असताना बाहेर दूरचित्रवाणी मोठ्याने लावलेली असते, परिचारिका एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारतात, दर पाच मिनिटांनी भ्रमणध्वनी वाजतो. परदेशांतील माहितीपत्रकांत आपण ‘शांती’ हा शब्द छापतो, आणि तिच्यासाठी पैसे मोजून आलेल्या रुग्णाला हे ऐकवितो.

माझ्या सूचना तीन आहेत. प्रत्येक रुग्णपत्रकात, रुग्ण देशी असो वा परदेशी, आहार व निद्रेच्या शेजारी ‘शब्द’ असे एक सदर असावे आणि त्यात निजण्याच्या खोलीतील रात्रीचा आवाज, त्याचा उगम व काळ यांची नोंद व्हावी. आपल्या संघटनेने पंचकर्म केंद्रांसाठी शांततेचे साधे नियम तयार करून सभासदांकडून ते पाळून घ्यावेत. त्यांत उपचारकक्षात भ्रमणध्वनीला बंदी हा पहिला नियम असावा. आणि ज्या चिकित्सालयांत रुग्ण निवासी आहेत, त्यांच्या परिसराला शांतता क्षेत्र मिळावे व तेथे फलक लागावेत, यासाठी स्थानिक शाखांनी पालिका व पोलीस यांच्याकडे लेखी पाठपुरावा करावा. परदेशी रुग्णाला ‘सवय होईल’ असे सांगण्याऐवजी ‘तुमची तक्रार रास्त आहे, आपण खोलीपासून सुरुवात करू’ असे सांगणारा वैद्य त्याला या देशात खरा आधार वाटेल. त्याच सल्ल्याने त्याच्या मजल्यावरच्या इतर बिऱ्हाडांनाही रात्री नीट झोप मिळू शकेल.